लानिउख्लिन: दोन धरणांच्या मधले गाव

गुरुवार: रुआबॉन ते लानिउख्लिन

ईशान्य वेल्समधील रुआबॉन या छोट्या स्थानकावर आगगाडी सोडली की पुढचा प्रवास बसनेच करावा लागतो. टी-३ क्रमांकाची बस लान्गोलेन, कोरवेन, बाला अशी गावे घेत पश्चिमेला समुद्रकाठच्या बार्मथपर्यंत जाते. पूर्वी याच मार्गावर रेल्वे होती. ती जानेवारी १९६५ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून या दरीतील शाळकरी मुले, म्हातारी माणसे आणि आमच्यासारखे प्रवासी या बसवरच विसंबून असतात. लान्गोलेनपासून डी नदीची सोबत सुरू होते. वेल्श भाषेत तिचे नाव दवर्दुई. कोरवेनच्या पुढे दरी रुंद होत जाते, वस्ती विरळ होते, आणि दगड रचून बांधलेले बांध कुरणांमधून थेट डोंगराच्या खांद्यापर्यंत चढत गेलेले दिसतात.

बाला गाव मागे पडताच डाव्या हाताला सरोवर उघडते. लिन तेगिद हे वेल्समधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असून त्याची लांबी सुमारे ६ किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरपेक्षा कमी आणि सर्वाधिक खोली ४२ मीटर आहे. त्याचा लांबट, सरळ आकार योगायोगाने आलेला नाही. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणारा एक मोठा प्रस्तरभंग, म्हणजे खडकांतला तडा, या भागातून गेला आहे. त्याच्या दोन्ही अंगांचा खडक खिळखिळा झालेला होता, आणि हिमयुगात हिमनदीने नेमका तोच भाग खरवडून खोल केला. नकाशावर पट्टी ठेवून हीच रेषा पुढे वाढवली, तर ती ताल-अ-लिन या दुसऱ्या सरोवरातून जात थेट कार्डिगन उपसागराला भिडते. सरोवराच्या दक्षिणेला अरान पर्वताची रांग आहे. तिच्यातील अरान बेनलिन ८८५ मीटर आणि अरान वाउद्वी ९०५ मीटर उंच आहे. वायव्येला ८५४ मीटर उंचीचे अरेनिग वाउर एकटेच उभे आहे. ही सारी शिखरे सुमारे पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या राखेची आणि लाव्ह्याची आहेत. अरेनिगचा भूशास्त्राशी इतका निकटचा संबंध आहे की त्या काळाच्या, म्हणजे ऑर्डोव्हिशियन कालखंडाच्या, एका भागाला ‘अरेनिग’ हेच नाव मिळाले.

सरोवराच्या नैर्ऋत्य टोकाशी, जिथे तीन-चार ओढे आणि नद्या डोंगरातून उतरून सपाटीवर येतात, तिथे लानिउख्लिन वसले आहे. खरे तर या दोन वाड्या आहेत. चर्चभोवतीची ती लान, आणि तुर्ख नदीपलीकडची ती पांदी. पांदीला ते नाव लोकर मळून घट्ट करणाऱ्या पाणचक्कीमुळे मिळाले आहे. गावची वस्ती सहाशेच्या आसपास आहे आणि त्यांतील साधारण दर पाच जणांपैकी चार जण वेल्श बोलतात. २०२१ च्या जनगणनेनुसार संपूर्ण वेल्समध्ये हे प्रमाण फक्त १७.८ टक्के आहे. हे लक्षात घेतले म्हणजे बसथांब्यावर उतरताच दोन मुले आपापसांत सहज वेल्शमध्ये भांडत होती, याचे मोल कळते.

या प्रवासाला एक निमित्त होते. गावाच्या दक्षिणेला डोंगर ओलांडला की लानुदिन हे गाव लागते. जुने लानुदिन लिव्हरपूल शहराच्या धरणाखाली १८८० च्या दशकात बुडाले. गावाच्या उत्तरेला, अरेनिगच्या पलीकडे, त्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन हे गाव होते. तेही त्याच लिव्हरपूल शहराच्या धरणाखाली १९६५ मध्ये गेले. पहिल्या वेळी वेल्समध्ये फारशी खळबळ उडाली नाही. दुसऱ्या वेळी मात्र सारा देश ढवळून निघाला आणि तो घाव अजून भरलेला नाही. या दोन घटनांच्या मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांत नेमके काय बदलले, याचे उत्तर बऱ्याच अंशी या दोन्हींच्या मध्ये वसलेल्या गावात सापडेल असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

शुक्रवार: गावात

गावात पोहोचणाऱ्या प्रत्येकाला दोन माणसांचा एकत्र पुतळा दिसतो. वडील ओवेन मॉर्गन एडवर्ड्स आणि मुलगा इवान अब ओवेन एडवर्ड्स. पुतळा १९७२ मध्ये उभारला गेला, त्या वर्षी मुलाने स्थापन केलेल्या संस्थेला ५० वर्षे पूर्ण झाली होती. गावच्या प्राथमिक शाळेलाही वडिलांचेच नाव आहे.

ओवेन एडवर्ड्स यांचा जन्म १८५८ चा, कोइद-अ-प्री नावाच्या डोंगरउतारावरच्या लहानशा शेतघरातला. ते शाळेत जाऊ लागले तेव्हा ‘वेल्श नॉट’ नावाची पद्धत चालू होती. जे मूल शाळेत मातृभाषेत बोलताना सापडे, त्याच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकवली जाई. ते मूल दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडून देई तेव्हा पाटी त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसाअखेर ज्याच्या गळ्यात पाटी असेल त्याला छडी बसे. शिक्षेपेक्षाही मला या व्यवस्थेतली चहाडी अधिक क्रूर वाटते, कारण मुलांनीच एकमेकांच्या तोंडावर पाळत ठेवावी अशी ती रचना होती. १८४७ मध्ये सरकारी आयोगाने वेल्समधील शिक्षणावर जो अहवाल दिला, त्यात वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतील अडसर असल्याचे म्हटले होते. आयोगाचे तिघेही सदस्य वेल्श न जाणणारे इंग्रज होते. त्या अहवालाचा अपमान या खोऱ्यातील माणसे विसरली नाहीत, पण अनेक पालकांनी मात्र तोच निष्कर्ष मुकाट्याने मान्य करून टाकला होता.

ओवेन एडवर्ड्स बाला, ॲबरिस्टविथ आणि ग्लासगो असे शिकत ऑक्सफर्डला पोहोचले आणि १८८९ पासून तिथे इतिहास शिकवू लागले. ऑक्सफर्डमध्ये नाव मिळवलेला माणूस तिथेच स्थिरावला असता तर कोणी नवल केले नसते. त्यांनी मात्र १८९१ मध्ये ‘कम्री’ हे वेल्श मासिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मुलांसाठी ‘कम्रीर प्लान्त’ काढले. डोंगरातल्या शेतकऱ्याला आणि दगडखाणीतल्या कामगाराला त्याचा इतिहास त्याच्या भाषेत, स्वस्त किमतीत आणि चांगल्या छपाईत मिळावा, हा त्यांचा ध्यास होता. १९०७ मध्ये ते वेल्समधील शाळांचे मुख्य निरीक्षक झाले. ज्या भाषेसाठी त्यांच्या गळ्यात पाटी पडली होती, तीच भाषा वर्गात शिकवली जावी यासाठी त्यांनी पुढची वर्षे खर्ची घातली. त्याच सुमारास त्यांनी गावात घर बांधले आणि १९२० मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

मुलाने हे काम संस्थेत उतरवले. वडिलांचे मुलांसाठीचे मासिक इवान यांनीच पुढे चालवले, आणि १९२२ मध्ये त्याच मासिकातून मुलांना आवाहन करून त्यांनी ‘ऊर्द गोबाइथ कम्री’ ही संघटना स्थापन केली. पुढे १९३९ मध्ये ॲबरिस्टविथ येथे वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा सुरू करण्यातही त्यांचाच पुढाकार होता. ऊर्दचे पहिले शिबिर १९२८ मध्ये याच गावात भरले. तंबूतले ते शिबिर, आणि पुढच्याच वर्षी कोरवेनला झालेला मुलांचा गायन-वक्तृत्व-काव्यस्पर्धांचा पहिला मेळावा, या दोन्हींमधून वेल्श ही केवळ प्रार्थनेची आणि आजीच्या गोष्टींची भाषा न राहता खेळण्याची, पोहण्याची, मस्ती करण्याचीही भाषा झाली. भाषा टिकवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांपैकी हा सर्वांत शहाणपणाचा होता असे माझे मत आहे.

संध्याकाळी गावच्या सभागृहात काही मंडळी गाण्याचा सराव करत होती, तिथे मागच्या बाकावर बसायला परवानगी मिळाली. या गावाच्या परिसरातला ‘कोर गोद्रेर अरान’ हा पुरुषांचा गायकवृंद १९४९ पासून गातो आहे आणि त्याची ख्याती सातासमुद्रापार गेलेली आहे. वेल्समध्ये ‘केर्द दान्त’ नावाचा एक खास गायनप्रकार आहे. त्यात हार्प हे तंतुवाद्य एक चाल वाजवत राहते आणि गायक त्याच वेळी कवितेचे शब्द दुसऱ्याच चालीत गातो. दोन्ही चाली स्वतंत्र असतात, पण स्वरसंवाद कुठेही मोडत नाही. हार्प आधी सुरू होते, गायक काही मात्रा सोडून उचल घेतो, आणि दोघांनी नेमके एकाच क्षणी थांबायचे असते. सरावात एक तरुण शेतकरी एका ओळीवर पुन्हा पुन्हा अर्धी मात्रा आधी पोहोचत होता. वृंद चालवणाऱ्या बाई दर वेळी हात वर करून थांबवत आणि त्याला ती ओळ न गाता नुसती वाचायला लावत. शब्दांचे वजन नीट पडले की मग पुन्हा हार्प. समेवर येणे म्हणजे काय हे ज्याने आपल्याकडच्या बैठकीत अनुभवले आहे, त्याला या शिस्तीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

शनिवार: सरोवर

सकाळी छोट्या रेल्वेने सरोवराच्या आग्नेय काठाने प्रवास केला. बंद पडलेल्या जुन्या लोहमार्गाच्याच जागेवर १९७२ मध्ये दोन फूट रुंदीचे रूळ टाकून ही गाडी सुरू झाली. तिची बहुतेक वाफेची इंजिने मूळची दिनोर्विग येथील पाटीच्या दगडाच्या खाणीतली आहेत. लानिउख्लिन ते बालाजवळचे पेनिबॉन्त हे अंतर सुमारे सात किलोमीटर भरते. गाडी इतकी संथ चालते की पाण्यावरच्या बदकांच्या रांगा मोजता याव्यात.

दवर्दुई नदी गावाच्या वर, दिआल्त नावाच्या डोंगराच्या उतारावर उगम पावते आणि सरोवराच्या या टोकातून आत शिरून त्या टोकातून बाहेर पडते. तिचे पाणी सरोवराच्या पाण्यात मिसळत नाही, अशी जुनी समजूत आहे. दुसरी दंतकथा त्याहून विलक्षण आहे. सरोवराच्या तळाशी एका जुलमी राजाचा वाडा बुडालेला आहे, आणि त्या रात्री एका हार्पवादकाला पक्ष्याने आधीच सावध करून डोंगरावर नेले होते, असे सांगतात. ज्या भागात पुढे खरोखरच गाव बुडाले, तिथे अशी कथा शतकानुशतके सांगितली जात होती.

या सरोवरात ग्विनियाद नावाचा चंदेरी मासा आहे. हिमयुग संपले तेव्हा थंड पाण्याचा हा मासा इथेच अडकला आणि वेगळा पडत गेला. जगात त्याचे मूळ वसतिस्थान हे एवढेच. बाहेरून आणलेल्या माशांनी त्याची अंडी फस्त करायला सुरुवात केल्यावर, आणि शेतांतून येणाऱ्या खतांनी पाण्याचा कस बिघडल्यावर, २००३ ते २००७ या काळात त्याची अंडी उंचावरच्या अरेनिग वाउर तलावात नेऊन सोडण्यात आली.

सरोवराच्या वायव्य काठावर ग्लानलिन हे ऊर्दचे कायमस्वरूपी केंद्र १९५० पासून आहे. हा वाडा आणि आजूबाजूची हजारो एकर जमीन पूर्वी सर वॉटकिन विल्यम्स-विन या जमीनदार घराण्याची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वारसाकराच्या बदल्यात ही मालमत्ता सरकारकडे गेली. ज्या घराण्याच्या मर्जीवर या खोऱ्यातली कुटुंबे पिढ्यान्पिढ्या जगली, त्याच घराण्याच्या शिकारीच्या वाड्यात आता देशभरातली मुले येऊन वेल्शमध्ये वल्ही मारायला शिकतात. जवळच कायर गाई हे रोमन किल्ल्याचे ठिकाण आहे. पहिल्या शतकात रोमनांनी तो बांधला. तिथे सापडलेल्या एका कोरीव दगडावर, आजच्या बेल्जियमच्या बाजूच्या नर्वी जमातीच्या पलटणीतील एका सैनिकाचे नाव आहे. जागा खासगी शेतात असल्याने आम्ही रस्त्यावरूनच पाहून पुढे गेलो.

दुपारनंतर आमच्या मुक्कामाच्या घराचे मालक आम्हाला मेंढ्यांच्या वाड्यात घेऊन गेले. इथल्या डोंगरमाथ्याला कुंपण नसते आणि अनेक शेतांचे कळप एकाच माथ्यावर चरतात. तरीही आपला कळप आपल्याच भागात राहतो, कारण कोकरू आईच्या मागे फिरून त्या जागेची ओळख घेते आणि ती ओळख पुढच्या पिढीला देते. म्हणून शेत विकले तर डोंगरावरचा कळपही बहुधा शेताबरोबरच विकला जातो. चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलेली मेंढी ओळखण्यासाठी प्रत्येक शेताची कानावरची खूण ठरलेली असते. मालकांनी एका मेंढीचे डोके गुडघ्यांत धरून तिचे दोन्ही कान मला उलटून दाखवले. उजव्या कानाचे टोक सरळ छाटलेले होते आणि त्याच्या खालच्या कडेला एक चौकोनी खाच होती. डावा कान टोकाशी दुभंगलेला होता. “ही खूण माझ्या पणजोबांच्याही आधीची आहे, शेत बदलत नाही तोवर खूणही बदलत नाही,” असे ते म्हणाले. अशा सर्व खुणांची छापील पुस्तके असतात आणि मेंढ्या एकत्र करण्याच्या दिवशी वाद झालाच तर पुस्तक उघडले जाते. याच बालाजवळ १८७३ मध्ये ब्रिटनमधील मेंढपाळ कुत्र्यांची पहिली जाहीर स्पर्धा झाली होती आणि ती वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉटिश माणसाने जिंकली, हेही त्यांनी थोड्या खंतावलेल्या सुरात सांगितले.

रविवार: जुने चॅपेल

गावाबाहेर ‘अर हेन गापेल’ नावाचे स्वतंत्र पंथीयांचे जुने चॅपेल आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वेल्समधील बहुसंख्य लोक अधिकृत अँग्लिकन चर्चपासून दूर जाऊन अशा चॅपेलांमध्ये जमू लागले. तिथे उपदेश वेल्शमध्ये होई, रविवारच्या शाळेत मुलांबरोबर प्रौढही वाचायला शिकत, आणि कारभार गावकरीच पाहत. लोकशाहीचे पहिले धडे या डोंगरी माणसांनी चॅपेलच्या बैठकांतच गिरवले, असे म्हणायला हरकत नाही.

इथले धर्मोपदेशक मायकेल जोन्स यांचा मुलगा मायकेल डी. जोन्स १८२२ मध्ये चॅपेललगतच्या घरात जन्मला आणि त्याची समाधीही याच आवारात आहे. अमेरिकेत गेले असता त्यांनी पाहिले की स्थलांतरित वेल्श कुटुंबे एका पिढीत इंग्रजीत विरघळून जातात. तेव्हा जिथे इंग्रजीचा वरचष्मा नसेल अशा दूरच्या भूमीवर वेल्श वसाहत उभारायची, ही कल्पना त्यांच्या मनाने घेतली. २८ मे १८६५ रोजी ‘मिमोसा’ हे जहाज सुमारे दीडशे माणसांना घेऊन लिव्हरपूलहून निघाले आणि दोन महिन्यांनी अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या किनाऱ्याला लागले. चुबुत नदीच्या खोऱ्यात ती वसाहत रुजली आणि तिथे आजही वेल्श बोलली जाते. मोहिमेच्या खर्चापायी जोन्स यांच्या पत्नीची वडिलोपार्जित संपत्ती मोठ्या प्रमाणात संपली.

एवढ्या टोकाच्या उपायाकडे एक बुद्धिमान धर्मशिक्षक का वळला, हे समजण्यासाठी १८५९ ची निवडणूक पाहावी लागते. मतदान तेव्हा उघड होते. सर वॉटकिन यांच्या कुळांपैकी ज्यांनी जमीनदाराच्या पसंतीच्या उमेदवाराला मत दिले नाही, त्यांपैकी काहींना जमिनीवरून हुसकावले गेले. त्यांत जोन्स यांची वृद्ध आईही होती आणि त्यानंतर लवकरच तिचे निधन झाले. १८७२ च्या गुप्त मतदानाच्या कायद्यामागे अशा घटनांचाही रेटा होता. उपासनेनंतर आवारात उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी मला ही सारी हकिगत सांगितली. १८५९ चा उल्लेख त्या घरातल्या एखाद्या अलीकडच्या दुःखाचा करावा तसा करत होत्या.

सोमवार: त्रवेरिन

टॅक्सीने उत्तरेला निघालो. वाटेत पार्क नावाची वाडी लागली. इथल्या महिला मंडळाने आपला कारभार वेल्शमध्ये करू द्यावा अशी मागणी ब्रिटनभर पसरलेल्या मातृसंस्थेकडे केली होती. ती नाकारली गेली, तेव्हा १९६७ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी ‘मेर्खेद अ वाउर’ ही स्वतःची संघटना उभी केली. आज तिच्या शाखा वेल्सभर आहेत.

त्यानंतर अरेनिगच्या पायथ्याला वळसा घालून आम्ही लिन केलिनच्या काठावर पोहोचलो. सुमारे ८०० एकरांचे हे पाणी शांत आणि निळे दिसते, आणि ज्याला इतिहास ठाऊक नाही तो छायाचित्र काढून पुढे निघून जाईल. पाण्याखाली एक शाळा, एक टपाल कार्यालय, एक चॅपेल, त्याचे कब्रस्तान आणि बारा घरे व शेते गेली. खोऱ्यातल्या ६७ माणसांपैकी ४८ जणांची घरे बुडाली. बाला ते फेस्टिनिओग हा लोहमार्गही याच धरणामुळे गेला.

लिव्हरपूल महानगरपालिकेने वेल्समधील कोणत्याही स्थानिक संस्थेची परवानगी न घेता थेट ब्रिटिश संसदेत खासगी विधेयक नेले. नोव्हेंबर १९५६ मध्ये कापेल केलिनची माणसे मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चाने गेली. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जणांचा विधेयकाला विरोध होता, तरी ते १ ऑगस्ट १९५७ रोजी कायदा झाले. बांधकामाच्या काळात काही तरुणांनी तिथले विद्युत रोहित्र स्फोटाने उडवले आणि तुरुंगवास भोगला. ऑक्टोबर १९६५ मधला उद्घाटनाचा समारंभ निदर्शकांच्या गर्दीमुळे काही मिनिटांतच आटोपावा लागला. विशेष म्हणजे या धरणातून लिव्हरपूलपर्यंत नळ गेलेला नाही. इथले पाणी त्रवेरिनमधून दवर्दुईत सोडले जाते आणि पुढे चेस्टरजवळ नदीतून उचलले जाते.

पाण्याच्या काठावर १९६७ मध्ये एक लहान स्मारक-चॅपेल बांधले गेले. बुडालेल्या कब्रस्तानातील काही शिळा तिथे आवारात आणून ठेवल्या आहेत. त्यांवरची नावे आणि शेतांची नावे वाचताना मुळशी आठवल्याशिवाय राहिली नाही. टाटांच्या जलविद्युत धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये मुळशी पेट्यातले शेतकरी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला बसले होते, आणि ते धरणही झालेच. दूरच्या शहराची गरज आणि डोंगरातल्या माणसाची जमीन यांच्या तराजूत पारडे कुठे झुकते, याबाबत सह्याद्री आणि अरेनिग यांचा अनुभव सारखाच आहे. त्रवेरिनची लढाईही हरली, पण तिचे पडसाद थांबले नाहीत. जुलै १९६६ मध्ये ग्विनवोर एवान्स हे प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार म्हणून निवडून आले, १९६७ मध्ये वेल्श भाषेचा कायदा झाला आणि १९९९ मध्ये वेल्सला स्वतःची विधानसभा मिळाली. २००५ मध्ये लिव्हरपूल नगर परिषदेने जाहीर माफी मागितली.

मंगळवार: खिंड ओलांडून

शेवटचा टप्पा दक्षिणेचा होता. कुम कनलुइद या दरीतून रस्ता अरानच्या पूर्व अंगाने चढत जातो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपे आणि शेतघरे असतात, मग झाडे संपतात आणि उघडा माळ सुरू होतो. ५४५ मीटर उंचीची बुल्ख अ ग्रोइस ही खिंड वेल्समधील सर्वांत उंच रस्त्यांपैकी एक आहे. माथ्यावरून उत्तरेकडचे पाणी तुर्खमधून लिन तेगिदला जाते, तर दक्षिणेकडचे पाणी दवी नदीला मिळून कार्डिगन उपसागरात जाते. माथ्याजवळच पूर्वेला एक अरुंद फाटा फुटतो. तो जुने लानुदिन ज्याखाली बुडाले त्या एवर्नुई जलाशयाकडे उतरतो.

इथे उभे राहिल्यावर या प्रवासात जे शोधत होतो ते मला स्पष्ट झाले. लानुदिन बुडाले तेव्हाही माणसे तीच होती, भाषा तीच होती आणि दुःखही कमी नसणार. पण ओवेन एडवर्ड्स यांची मासिके तेव्हा निघायची होती, शाळांमध्ये वेल्श शिरायची होती, ऊर्दच्या शिबिरात वाढलेली पिढी जन्मायची होती. गाव जाते तेव्हा त्याबरोबर देशाचा एक तुकडा जातो असे म्हणण्यासाठी आधी आपण एक देश आहोत ही जाणीव घराघरांत रुजावी लागते. ती रुजवण्यात या सहाशे वस्तीच्या गावाचा वाटा त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठा आहे.

उतरून जलाशयाच्या काठाने धरणापर्यंत गेलो. १८८१ मध्ये काम सुरू झालेले, सुमारे ४४ मीटर उंचीचे हे ब्रिटनमधील पहिले मोठे दगडी धरण आहे. त्याच्या माथ्यावरून रस्ता जातो, आणि सांडव्याचे पाणी कमानींखालून भिंतीवरून खाली येते. पाणी गाळून घेणारा मनोरा मध्ययुगीन किल्ल्याच्या बुरुजासारखा बांधलेला आहे. इथून सुमारे ११० किलोमीटर लांबीची जलवाहिनी लिव्हरपूलपर्यंत जाते. जुन्या लानुदिनमध्ये ३७ घरे, दहा शेतघरे, दोन चॅपेले, तीन खाणावळी आणि एक चर्च होते. महानगरपालिकेने धरणाच्या खालच्या अंगाला नवी घरे बांधून दिली, नवे चर्च उभारले आणि जुन्या कब्रस्तानातील अवशेष तिथे हलवले. बांधकामाच्या काळात मरण पावलेल्या मजुरांचा एक स्मृतिस्तंभही आहे. त्यावरची नावे वाचून झाल्यावर आम्ही वेल्शपूलचा रस्ता धरला, कारण तिथून संध्याकाळची गाडी गाठायची होती.